काळ्या जोडीला पिवळं पिल्लू? आधी नाक बघ

मित्रा, विट्यात तुझ्या काळ्या लॅब्रेडॉर जोडीला पिवळं पिल्लू झालं म्हणून मादीवर संशय नको. मीही पहिल्या वेताला शेजाऱ्याच्या कुत्र्यावर आळ घेतला होता!

रंगाच्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. काळा वरचढ. पिवळा, चॉकलेटी दबून राहतात. दोन्हीकडून तीच प्रत आली की उघडे पडतात. दोन पिवळ्यांना मात्र पिवळीच होतात.

आत्ता एवढंच कर:
- पिवळ्याचं नाक, पापण्यांच्या कडा बघ. पहिल्यापासून तपकिरी असतील तर आत चॉकलेटी दडलाय.
- आजा-आजीचे रंगही वहीत लिही.
- मर्ल (फिकट अंगावर गडद छपके असलेला रंग) कुत्र्याला मर्ल कधीच लावू नकोस. सरासरी चारातलं एक पिल्लू दुहेरी मर्ल, म्हणजे दोन्ही प्रती मर्लच्या, निघतं. बहिरेपणाचा, आंधळेपणाचा धोका.

ठिपके-पट्ट्यांचं गणित पुढच्या वेताला बघू.