आधी रेंज, मग पिस्तूल

प्रश्न : वय ३६. नेमबाजीची ओढ शाळेपासून आहे, सवड आत्ता मिळाली. पहिलं पिस्तूल घ्यायचंय आणि जवळच्या रेंजवर नावही नोंदवायचंय. मित्र म्हणतो, एकदम ९ मिमीचंच घे आणि तेही छोटंसं, म्हणजे हाताळायला सोपं जाईल. तुमचं मत काय?

उत्तर : तुमच्या पत्रात पिस्तूल आधी आलंय, रेंज नंतर. हा क्रम बदला. १८ वर्षं नवशिक्यांना शिकवतेय, आणि घाईने घेतलेली पिस्तुलं कपाटात पडून राहिलेली फार पाहिली आहेत. आधी रेंजवर जा, कायद्याने काय लागतं ते तिथेच नीट विचारून घ्या आणि दोन-तीन महिने रेंजचीच पिस्तुलं चालवा.

छोटं पिस्तूल सोपं, हा समज मात्र आजच मनातून काढा. पिस्तूल जितकं हलकं, तितका त्याचा धक्का हाताला जास्त. शिवाय नळी आखूड असली की पुढची आणि मागची साईट, म्हणजे नेम धरायच्या खुणा, एकमेकींच्या जवळ येतात. दोन्हींत ३० सेंटिमीटर अंतर असताना पुढची साईट १ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर छर्रा ३३ मिलिमीटर बाजूला जातो. हेच अंतर १५ सेंटिमीटर असेल, तर चूक दुप्पट. एअर पिस्तुलाच्या (हवेच्या दाबावर छर्रा सोडणाऱ्या) टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ असतं जेमतेम साडेअकरा मिलिमीटरचं!

सुरुवातीला माझी पसंती ४.५ मिमीच्या एअर पिस्तुलाला किंवा पॉइंट टू-टूला, म्हणजे ०.२२ इंची छोट्या गोळीच्या पिस्तुलाला. धक्का नसल्यासारखाच असतो, त्यामुळे शरीराला भीतीची सवय लागत नाही. ही भीती दिसते कशी, सांगते. एक विद्यार्थी थेट ९ मिमीवर शिकून आला होता. सगळ्या गोळ्या खाली डावीकडे. त्याला न सांगता मॅगझिनमध्ये मध्येच एक डमी, म्हणजे न उडणारं काडतूस भरलं. चाप ओढला, नुसतं ‘टक्’ झालं आणि नळीचं तोंड बोटभर खाली गेलं. धक्का आलाच नव्हता, हात आधीच दचकला होता. ती सवय मोडायला आम्हाला सहा महिने लागले.

पिस्तूल निवडताना नाव नंतर, मूठ आधी पाहा. मनगट न वाकवता चापावर पहिल्या पेराचा मध्य आला पाहिजे. मग डोळे मिटून पिस्तूल उचला आणि डोळे उघडा. साईट आपसूक जुळलेल्या दिसल्या, तर मूठ तुमच्या हाताची. माझ्या पहिल्या पिस्तुलाची मूठ मोठी होती, ते कळायला वर्ष गेलं. त्या वर्षाची हळहळ अजून वाटते. सेमी-ऑटोमॅटिक घेणार असाल तर स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, स्वतः दहा वेळा ओढून पाहा. आणि नेमाचा डोळा, म्हणजे नेम धरताना ज्याचा जोर जास्त तो डोळा, कोणता तेही तपासून घ्या; उजव्या हाताच्या कितीतरी जणांचा डावा निघतो.

हात आणि वय यांची काळजी करू नका. हंगेरीचे पिस्तूल नेमबाज कारोली ताकाच यांचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्बने निकामी झाला. ते डाव्या हाताने शिकले आणि १९४८ व १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेऊन आले. मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

आता रेंज. नाव नोंदवण्याआधी तासभर मागे बसून नुसतं बघा. हातात पिस्तूल घेऊन कुणी मागे वळलं, तर रेंज ऑफिसर त्याच क्षणी थांबवतो का? ‘स्टॉप’ म्हटल्यावर सगळे खरंच थांबतात का? कुणी टार्गेटकडे जाण्याआधी प्रत्येक पिस्तूल रिकामं करून खाली ठेवलेलं असतं का? एवढ्यावर मी रेंज ठरवते. बंदिस्त रेंज असेल तर हवा खेळती हवी, कारण गोळीबारातून शिसं हवेत मिसळतं. घरी निघताना हात साबणाने धुवाच.

कानाला मफ्स, डोळ्याला चष्मा हे तिथे सांगतीलच. गळाबंद सदरा घाला, हे सहसा कुणी सांगत नाही. बाजूच्याच्या पिस्तुलातून काडतुसाची गरम रिकामी पुंगळी उडून कॉलरमध्ये शिरते, चटका बसतो आणि माणूस पिस्तुलासकट गर्रकन वळतो. तसं झालंच तर भाजू दे. बोट चापावरून काढा, तोंड टार्गेटकडेच ठेवून पिस्तूल टेबलावर ठेवा, आणि मग गळ्यात हात घाला.