वाचक विचारतात : गिटारवादकाचा दिवस, पाहुणे आणि शिकवणी

प्रश्न : मी वाद्यवृंदांत गिटार वाजवतो. कार्यक्रम आटोपून घरी पोहोचेपर्यंत पहाटेचे दोन-तीन वाजतात, त्यामुळे सकाळी उशिरा उठतो आणि दुपारी रियाझ करतो. ‘हा तर दिवसभर घरीच असतो’ असे समजून नातेवाईक नेमके दुपारी येतात. आता आमच्या दोन खोल्यांच्या घरातच गिटारचा वर्ग सुरू करावा असे मनात आहे. सुरुवात कशी करावी, आणि मावसभावाच्या मुलाकडून फी घ्यावी का?
– एक वादक, डोंबिवली

उत्तर : वर्ग अवश्य सुरू करा, आणि त्याचे पहिले कारण पंचांगातच आहे. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की लग्नाच्या सुपाऱ्या थांबतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत स्वागतसमारंभांची बिदागी जवळजवळ बंद होते. मध्ये गणेशोत्सव, नवरात्र आणि दिवाळी पहाट हात देतात खरे, पण श्रावणातले वीजबिल त्यांची वाट पाहत बसत नाही. शाळा जूनमध्ये उघडतात आणि पालक छंदवर्गांची चौकशी त्याच सुमारास करतात, म्हणजे मंदीच्या तोंडावरच तुम्हाला विद्यार्थी मिळतील. सुट्टीतले वर्ग मात्र पहिल्या वर्षी टाळा. लग्नसराई, मुक्कामाला आलेली भाचरे आणि उन्हाळी वर्ग हे सगळे दोन खोल्यांत मावणार नाही.

पाहुण्यांचा प्रश्न वर्गामुळे बराचसा आपोआप सुटेल. एकट्याने केलेला रियाझ नातेवाइकांना काम वाटत नाही, हे कितीही टोचले तरी खरे आहे. तेच नातेवाईक दारात परक्या मुलांच्या चपला दिसल्या की आवाज खाली आणतात. आठवड्यातले तीन दिवस, सायंकाळी पाच ते सात, एवढीच वेळ ठरवा, रियाझ तिच्या लगेच आधी ठेवा आणि शनिवार-रविवार कार्यक्रमांसाठी मोकळे सोडा. ही वेळ सर्वांना आईने किंवा पत्नीने फोनवर सांगितलेली बरी, कारण तुम्ही सांगितलीत तर तो तुमचा तोरा ठरेल. कोणी जेवणानंतर ‘काहीतरी वाजवून दाखव’ म्हणाले, तर आढेवेढे न घेता एक गाणे वाजवावे आणि गिटार पेटीत ठेवावी. नाही म्हणण्यात अर्धा तास जातो, वाजवण्यात चार मिनिटे.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे वळू. मुरलेल्या वादकाला नवखा कुठे अडतो ते पटकन दिसत नाही, म्हणून पहिले काही तास मुद्दाम संथ ठेवा. आधी गिटार सुरात लावणे शिकवा. मोबाइलवरचा ट्यूनर वापरू द्या, पण जाड ‘ई’ची तार पाचव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांडीवरची आडवी धातूची पट्टी) दाबून शेजारच्या ‘ए’शी मिळवण्याची, आणि ‘जी’वरून ‘बी’ लावताना तेवढा चौथा फ्रेट दाबण्याची जुनी रीतही दाखवा, कारण कान त्यातूनच तयार होतो. मग ई मायनर आणि ए मायनर हे दोनच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, घेऊन, उजव्या हाताची लय न तुटता डावा हात बदलता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

विद्यार्थी खरे गळतात ते एफ मेजरपाशी. तर्जनी आडवी ठेवून सहाही तारा पहिल्या फ्रेटवर दाबायच्या असतात, आणि नटच्या, म्हणजे दांडीच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, इतक्या जवळ तारा दाबायला सर्वांत जास्त जोर लागतो. मुलाला मात्र वाटते की आपल्या बोटांतच बळ नाही. तोच आकार त्याला पाचव्या फ्रेटवर धरायला लावा. तिथे तो ए मेजर होतो आणि बराच सोपा जातो. मग एकेक फ्रेट मागे आणा. तोवर एफ खालच्या चारच तारांवर वाजवला तरी गाणे अडत नाही.

फी महिन्याच्या सुरुवातीला घ्या. तुमच्या सुपारीमुळे तास बुडाला तर तो भरून द्यायचा, विद्यार्थी आला नाही तर नाही, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्या. पालक प्रमाणपत्राविषयी विचारतील; ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांत प्रारंभिक पातळीनंतर पहिली ते आठवी अशा श्रेणी असतात, परंतु त्यांतले तुकडे स्वतः वाजवून पाहिल्याशिवाय कोणाला शब्द देऊ नका. मावसभावाच्या मुलाला फी माफ करायची की नाही हा तुमच्या घरचा प्रश्न आहे. माझा आग्रह एवढाच, की त्याने इतरांच्याच वेळेत, इतरांच्याच शेजारी बसावे. रविवारी जेवायला येऊन ‘काका, जरा दाखवा ना’ म्हणणारा मुलगा काही शिकत नाही, आणि काकांचा रविवारही जातो.

प्रश्न : माझा मुलगा मुंबईत वादक आहे. गणपतीला सारे कुटुंब चिपळूणला जमते, पण तो येत नाही. वर्गही सुरू केल्यामुळे आता त्याचे येणे आणखी कमी झाले आहे.
– एक आई, चिपळूण

उत्तर : गणेशोत्सव हा त्याच्या कमाईचा हंगाम आहे, आणि रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होऊन कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात, तर मंडळांच्या सुपाऱ्या पुष्कळदा त्यानंतर ठरतात; त्यामुळे तो आधी शब्द देऊ शकत नाही. त्याला दहा दिवसांसाठी न बोलावता प्रतिष्ठापनेच्या एका दिवसासाठी बोलवा. मंडळे त्या दिवशी मूर्ती आणण्यात आणि पूजेत गुंतलेली असतात, गाण्याचे कार्यक्रम बहुधा पुढे सुरू होतात. निवांत भेट हवी असेल तर अनंत चतुर्दशीनंतर पितृपक्ष लागतो, तेव्हा बोलवावे. त्या पंधरवड्यात शुभकार्ये नसल्याने वादकाला फुरसत असते, आणि श्राद्धाच्या निमित्ताने त्याचे घरी येणे रीतीलाही धरून आहे. वर्गाचे चार तास त्याला पुढे-मागे करता येतात, मंडळाची तारीख येत नाही.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची आहे. घरी तिच्या वडिलांची स्टीलच्या तारांची गिटार आहे. त्यावरच शिकली तर चालेल का?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : चालणार नाही. तिच्यासाठी तिच्या हाताला झेपेल अशी अर्ध्या किंवा पाऊण आकाराची, नायलॉनच्या तारांची गिटार घ्या. पूर्ण आकाराच्या गिटारवर तिचा हात पहिल्या फ्रेटपर्यंत जेमतेम पोहोचेल, आणि स्टीलच्या तारा कोवळ्या बोटांना टोचल्या की ती आठवडाभरात कारणे सांगू लागेल. वडिलांच्या गिटारला नायलॉनच्या तारा लावून काम भागवू नका. त्यांचा ताण कमी असल्याने आवाज क्षीण येतो, आणि तार अडकवण्याची त्या गिटारची रचनाही वेगळी असते.