प्रश्न : दृष्टिकोन बदलला की माणसाचं वागणं आपोआप बदलतं का?

आपोआप नाही. दृष्टिकोनाने पाया घातला जातो, पण पाऊल उचलायला आणखी काही लागतं.

१९६५ साली येल विद्यापीठातला प्रयोग पाहा. मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताविषयी पत्रकं वाचायला दिली. काहींची पत्रकं अंगावर काटा आणणारी होती. ती वाचणाऱ्यांना लस जास्त महत्त्वाची वाटू लागली, म्हणजे दृष्टिकोन बदलला. पण नुसतं पत्रक वाचलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्केच लस घ्यायला गेले. काहींना मात्र सोबत आरोग्य केंद्र दाखवलेला नकाशा दिला होता आणि आठवड्याच्या वेळापत्रकात कधी जमेल ते बघायला सांगितलं होतं. त्यांच्यापैकी सुमारे २८ टक्के गेले. केंद्र कुठे आहे हे बहुतेकांना आधीच ठाऊक होतं, हे विशेष!

दृष्टिकोनाखेरीज आणखी काय लागतं, ते मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांनी पुढे सूत्रात बसवलं: आपलं मत, भोवतालच्यांची अपेक्षा आणि ‘मला हे जमेल’ हा विश्वास, या तिन्हींतून इरादा ठरतो.

कामाच्या ठिकाणीही तेच. सुरक्षेचा चष्मा गरजेचा आहे हे ग्राइंडरवरच्या कामगाराला पक्कं माहीत असतं. पण काच घामाने धूसर होते, शेजारचा अनुभवी कारागीर चष्म्याशिवाय काम करतो, आणि पर्यवेक्षक फक्त किती नग झाले ते विचारतो. मग चष्मा कपाळावर सरकतो. अशा वेळी ‘कामगारांची मानसिकताच तशी’ म्हणणं मला सरळ अन्याय वाटतो. आधी धूसर न होणारी काच द्या आणि पर्यवेक्षकाने स्वतः चष्मा घालावा.