बारावीच्या मुलांना सांगता येतील असे कॅल्क्युलसवरचे आणि ते शोधणाऱ्यावरचे विनोद कोणते?

तुम्ही शिकवणी घेता आणि मुलं कॅल्क्युलसला बिचकतात असं लिहिलंय, म्हणून वर्गात चालतील असेच सांगते. या विषयावरचा चांगला विनोद कळायला आधी त्यातलं गणित कळावं लागतं. त्यामुळे कोण हसलं आणि कोण इकडेतिकडे बघत राहिलं, एवढ्यावरून तुम्हालाही बराच अंदाज येईल.

पहिला मान ई रेज टू एक्सचा. गावात डी बाय डीएक्स, म्हणजे एक्सच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह (बदलाचा वेग) काढणारा, शिरलाय अशी आवई उठते आणि सगळी फंक्शन्स पळत सुटतात. कॉन्स्टंट, म्हणजे कधीच न बदलणारी संख्या, सगळ्यांत पुढे: "मला गाठलं तर एका फटक्यात शून्य!" मागून धापा टाकत एक्स स्क्वेअर: "मी दोनदा तग धरीन, तिसऱ्यांदा संपलोच." ई रेज टू एक्स मात्र पारावर मांडी घालून ढिम्म. त्याचं शंभर वेळा डेरिव्हेटिव्ह घ्या, तो आहे तसाच. तेवढ्यात समोर कोणीतरी येऊन उभं राहतं. हा ऐटीत म्हणतो, "मी ई रेज टू एक्स. काय वाकडं करणार माझं?" समोरचा शांतपणे म्हणतो, "नमस्कार, मी डी बाय डीवाय."

इथे हसणाऱ्या मुलाला 'कशाच्या सापेक्ष' हा मुद्दा कळलाय. वाय बदलला तरी एक्स जागचा हलत नाही, म्हणजे डीवायच्या लेखी ई रेज टू एक्ससुद्धा साधा कॉन्स्टंट. उत्तर शून्य.

लिमिटवर, म्हणजे एखादी राशी जिच्या जवळजवळ जात राहते ('टेंड्स टू') त्या किमतीवर, तर मराठीत आयतंच जमतं. "उसने पैसे कधी देतोस?" "टी टेंड्स टू इन्फिनिटी." "पोर्शन झाला का?" "टेंडिंग टू." आणि आई म्हणते, "लिमिटमध्ये राहा जरा." त्यावर चिरंजीव: "अगं, मी लिमिटच्या नुसता जवळ जातोय, पोचलोय कुठे!" शेवटच्या उत्तरावर मी मुलाला शाबासकी देईन. जवळ जाणं महत्त्वाचं, पोचायलाच हवं असं नाही, हे त्याला बरोबर उमगलंय.

आता शोधणारा. तुम्ही एकवचन वापरलंत, पण इंग्लंडचा न्यूटन आणि जर्मनीचा लायब्निझ यांचं भांडण नेमकं त्या एकवचनावरूनच झालं. न्यूटनने १६६५-६६ मध्ये, प्लेगमुळे केंब्रिज बंद असताना, आपली पद्धत उभी केली आणि छापली मात्र नाही. लायब्निझने ती १६७५ च्या सुमारास स्वतंत्रपणे शोधली आणि १६८४ मध्ये छापली. वर्गात मी हे असं सांगते: दोघांनी एकच इंटिग्रेशन (डेरिव्हेटिव्हची उलट क्रिया) सोडवलं, उत्तरात फरक फक्त 'प्लस सी'चा, म्हणजे शेवटी जोडायच्या कॉन्स्टंटचा. एकाच फंक्शनची दोन उत्तरं एका कॉन्स्टंटनेच वेगळी असू शकतात, हे मग मुलं विसरत नाहीत.

शब्दांचे खेळ खुद्द न्यूटननेही केले. १६७६ मध्ये रॉयल सोसायटी या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेचे सचिव ओल्डनबर्ग यांच्यामार्फत लायब्निझला पाठवलेल्या पत्रात त्याने आपलं गुपित कोड्यात लिहिलं. लॅटिन वाक्यातली अक्षरं सुटी करून नुसती मोजून दिली: सहा ए, दोन सी, एक डी, पुढे तेरा ई, अशी. वाक्याचा अर्थ साधारण असा: बदलत्या राशींचं समीकरण दिलं असता त्यांच्या बदलाचे वेग काढणे, आणि याच्या उलट. म्हणजे सांगितलंही आणि नाहीही! पुढे वाद पेटल्यावर १७१२ मध्ये सोसायटीने चौकशी समिती नेमली. सोसायटीचा अध्यक्ष न्यूटन, अहवालाचा बराचसा मजकूर न्यूटनचा, आणि १७१५ मध्ये त्या अहवालावर निनावी परीक्षण आलं तेही न्यूटनचंच. फिर्यादी तोच, न्यायाधीश तोच, निकालाला शाबासकी देणाराही तोच. इतक्या थोर माणसाने असं करायला नको होतं असं मला मनापासून वाटतं.

या हट्टाची किंमत इंग्लंडने शंभर वर्षं मोजली. केंब्रिज न्यूटनच्या खुणेला, म्हणजे अक्षरावरच्या टिंबाला, चिकटून राहिलं. युरोपात बर्नुली बंधू, ऑयलर, लाग्रांज हे गणिती लायब्निझची खूण, म्हणजे डी बाय डीएक्समधला 'डी', घेऊन कुठच्या कुठे गेले. १८१२ मध्ये चार्ल्स बॅबेज, जॉन हर्शेल, जॉर्ज पीकॉक या विद्यार्थ्यांनी अॅनालिटिकल सोसायटी काढली आणि बॅबेजने तिचं ध्येय एका कोटीत बसवलं: विद्यापीठाच्या 'डॉट-एज'विरुद्ध शुद्ध 'डी-इझम'. डॉट-एज म्हणजे टिंबांचं युग, आणि डोटेज म्हणजे म्हातारचळ. डी-इझम म्हणजे 'डी'चा पक्ष, आणि डीइझम हा जग निर्माण करून बाजूला झालेला ईश्वर मानणारा विचार. मला कॅल्क्युलसवरची ही सर्वांत सुंदर कोटी वाटते. शेवटी १८१७ च्या परीक्षेत परीक्षक झालेल्या पीकॉकने प्रश्नपत्रिकेत 'डी' घुसवलाच.

एक विनोद मात्र फळ्यावर लिहूनच सांगा. एक्स स्क्वेअरमध्ये एक्स हा 'ओ' या अगदी लहानशा राशीने वाढवा. वाढ येते दोन एक्स ओ अधिक ओ स्क्वेअर. ओने भागा: दोन एक्स अधिक ओ. आता ओ शून्य धरा: दोन एक्स. बिशप बर्कलीने १७३४ मध्ये विचारलं: ओ शून्य असेल तर भागलं कसं, आणि शून्य नसेल तर टाकून कसा दिला? 'ओ'सारख्या या राशींना तो 'मेलेल्या राशींची भुतं' म्हणाला. चेष्टा होती, पण प्रश्न अगदी रास्त होता. तो नीट सुटायला कोशी आणि वायरश्ट्रास या गणितींची लिमिटची व्याख्या यावी लागली, म्हणजे एकोणिसावं शतक उजाडलं. तुमच्या वर्गात कोणी हीच शंका काढली तर त्याला गप्प बसवू नका.

आणि खाऊ वाटणार असाल तर बिस्किटं आणा. जर्मनीत हानोव्हरला, जिथे लायब्निझने अखेरपर्यंत नोकरी केली, १८९१ पासून त्याच्या नावाचं बिस्किट मिळतं. त्याच वर्षी अमेरिकेत अंजिराचं 'फिग न्यूटन' निघालं, पण ते नाव मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन गावावरून आहे. बिस्किटांचा सामना लायब्निझने जिंकला.