लोकसभेला मतदान केलं, मतदार कार्डही आहे, तरी सोलापूर महापालिकेच्या यादीत नाव नव्हतं. बीएलओनं (केंद्रनिहाय मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्यानं) कापलं असेल का? आता काय करू?

नाही. बीएलओला नाव कापताच येत नाही. मी पूर्व भागातल्या एका शाळेत शिकवते आणि कित्येक वर्षं बीएलओचं काम करते, म्हणून हा प्रश्न वाचून गप्प बसवेना. नाव वगळायला कुणीतरी फॉर्म ७ भरावा लागतो, नाहीतर मतदार नोंदणी अधिकारी स्वतःहून नोटीस काढतात. आम्ही घरी जाऊन चौकशी करतो, अहवाल देतो. निर्णय त्यांचा, सही त्यांची.

तुमचं नाव बहुधा दुसऱ्या प्रभागात गेलं असणार. महापालिकेसाठी वेगळी मतदार नोंदणी होतच नाही. विधानसभेची यादी घेतात आणि प्रभागवार फोडतात. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानाला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती, त्यानंतर नोंदवलेल्यांची नावं त्यात येणारच नव्हती. सोलापुरात २६ प्रभाग, १०२ जागा. यादी फोडताना एखाद्या गल्लीची नावं शेजारच्या प्रभागात जाऊन बसतात. हे काम बीएलओकडे नसतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रारूप, म्हणजे कच्ची, यादी लागली होती, हरकती मागवल्या होत्या. तेव्हा किती जणांनी ती उघडून पाहिली?

आता माझं सांगते. ७ मे २०२४, लोकसभेचं मतदान. शाळेच्या फाटकाशी आमचं टेबल. भर दुपारी माझे दीर चौघांना घेऊन आले, टेबलावर कार्ड आपटलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, आमच्या वहिनीनंच आमचं नाव कापलंय." रांगेत माझ्या विद्यार्थ्यांच्या आया उभ्या होत्या, विड्या वळणाऱ्या बायका. वर्षानुवर्षं त्यांच्या दारात बसून मी फॉर्म भरून घेतलेत. त्यातल्या एकीनं हळूच विचारलं, "टीचर, खरं का?" ते मला फार लागलं.

मी पुरवणी यादी काढली. वगळलेल्या नावांत त्यांचा अनुक्रमांक होता आणि त्याच्या अलीकडे 'एस' हे अक्षर. एस म्हणजे स्थलांतरित. मयत असेल तर 'ई', दुबार असेल तर 'आर'. मग त्यांच्या कार्डाचा नंबर मोबाईलवर टाकला. नाव निघालं जुळे सोलापूरच्या एका केंद्रावर, दक्षिण सोलापूर विधानसभा मतदारसंघात. भाऊजी तिकडे नवं घर बांधून राहायला गेले होते आणि त्यांच्याच मुलानं सगळ्या घराचा फॉर्म ८, म्हणजे पत्ता बदलायचा अर्ज, भरला होता. पत्ता बदलला तरी कार्डाचा नंबर तोच राहतो, त्यामुळे जुनं कार्ड हातात असलेल्याला वाटतं, आपलं मत जिथं होतं तिथंच आहे. मी म्हटलं, "भाऊजी, सहापर्यंत वेळ आहे, आत्ता रिक्षा करून जा." गेले नाहीत. मतदान केलंच नाही आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात तेच: वहिनीनं नाव कापलं. महापालिकेचं मतदान ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत आलं, सगळं घर जमलेलं, तिथंही पाहुण्यांसमोर पुन्हा तोच विषय.

म्हणून स्पष्ट लिहिते. कार्ड म्हणजे मत नव्हे, यादी म्हणजे मत. यादीत नाव नसेल तर कार्ड असूनही मतदान करता येत नाही. नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल, तर आधार, पॅन, फोटोचं पासबुक असं काहीतरी चालतं. तुमच्या नावावर आधीच कुणी मतदान करून गेलं असेल, तर केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत (मतपत्रिकेवर वेगळं घेतलं जाणारं मत) मागा. तो हक्क आहे.

आणि नाव शोधताना कार्डाच्या नंबरानंच शोधा. आमच्या भागात तेलुगू आडनावं मराठीत लिहिताना काय होतं ते मी रोज बघते. एकाच घरात बाप येमुल, मुलगा यमुल आणि सून एमूल. नावानं शोधलं की सापडत नाही, मग ओरडा होतो, नाव गायब!

मयतांची नावं यादीत का राहतात, तेही विचारतात लोक. घरचे फॉर्म ७ भरत नाहीत. एका घरी मुलगा म्हणाला, "असू दे ना टीचर, यादीत तरी राहू दे वडिलांना." त्याला काय बोलणार? पण त्याच नावावर उद्या कुणी मतदान केलं, तर बोट बीएलओकडे. या कामाचं मानधन वर्षाला सहा हजार होतं, २०२५ मध्ये ते बारा हजार करायचं ठरलं. शाळा सांभाळून, उन्हातान्हात, हजार-बाराशे नावांसाठी.

हेही खरं की सगळे बीएलओ दारोदार जात नाहीत. काही जण एका जागी बसून अहवाल लिहितात, हे मला माहीत आहे. राहत्या माणसाविरुद्ध खोटे फॉर्म ७ भरले जातात, तेही खरं. तसं झालंय असं वाटत असेल तर आधी विधानसभेच्या यादीत नाव आहे का ते बघा. असेल, तर कुणीही कापलेलं नाही, यादी फोडताना घोळ झालाय. पुढच्या निवडणुकीला प्रारूप यादी लागली की लेखी हरकत द्या. तिथंही नसेल, तर मतदार नोंदणी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा आणि फॉर्म १० ची यादी मागा. कुणाचं नाव वगळायला कोणी अर्ज केला, ते तिच्यात लिहिलेलं असतं. आदेश निघून पंधरा दिवस झाले नसतील तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. ते दिवस उलटले असतील तर फॉर्म ६ भरून नाव पुन्हा घाला. आणि घरातल्या कुणी तुमच्यासाठी फॉर्म ८ भरलाय का, हे घरीच विचारा. आमच्या भाऊजींनी मुलाला अजून विचारलेलं नाही.