वाचक विचारतात : तंबूंच्या छावणीत चार मजले कसे उभे राहतात?

प्रश्न : पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांच्या फोटोंत तंबू नाहीत, उंच घरं दिसतात. मग त्यांना छावणी का म्हणायचं?

उत्तर : कारण जमीन त्यांच्या मालकीची नाही. वापरता येते, एवढंच. बेथलेहेमजवळची धेशे छावणी १९४९ साली ०.३१ चौरस किलोमीटरवर वसली. तंबू गेले, १९५०च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने एकेका खोलीची घरं बांधली. अम्मानच्या १९५५ सालच्या छावणीचं रूढ नाव ‘विहदात’, म्हणजे नुसतंच ‘युनिटं’!

माणसं वाढली, हद्द तेवढीच राहिली. मग आधी अंगणाला भिंत, त्यात स्वयंपाकघर आणि संडास, वर पत्रे. पुढे पत्रे काढून स्लॅब. स्लॅब टाकताना कॉलमच्या सळया हातभर वर सोडतात. मुलाचं लग्न ठरलं की त्यांना नव्या सळया बांधून पोकळ सिमेंट ब्लॉकचा मजला चढवायचा. जिना आत मावत नाही, तो गल्लीत उतरतो.

घोळ इथेच होतो. पाया एका मजल्याचा, भार चारांचा. उघड्या सळया गंजून फुगतात, काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. वरचे मजले थोडे पुढे काढल्याने गल्लीत ऊन पोचत नाही आणि भिंतींची ओल वाळत नाही. बैरूतच्या बुर्ज अल-बराजने छावणीत तर विजेच्या तारा आणि पाण्याचे पाइप डोक्यावर एकत्रच गुंतलेले असतात. पाइप गळला की शॉक लागतो, माणसं दगावलीही आहेत.