“आई, तू कुठे जातेस?”

प्रश्न : किल्लारीच्या भूकंपात (३० सप्टेंबर १९९३) मी नऊ वर्षांची होते. विसर्जनाची मिरवणूक बघून उशिरा झोपलो आणि पहाटे माळवद कोसळलं. धाकटा भाऊ माझ्या शेजारीच गेला. उजाडेपर्यंत मी मातीखाली होते, पण आठवतं ते असं, की मी वरून कुठून तरी त्या मुलीकडे बघतेय. रडू नाही, दुखणं नाही. आता पुण्यात असते. ढोल छातीत घुमला की हात माझे वाटत नाहीत, आवाज विहिरीतून आल्यासारखे येतात. गेल्या अनंत चतुर्दशीला गॅससमोर उभी असून दूध उतू गेलेलं कळलं नाही. लेक विचारते, “आई, तू कुठे जातेस?” सासूबाई म्हणतात, बाहेरचं आहे. मला वेड लागतंय का? की सिनेमातल्यासारखी माझ्यात दुसरी बाई आहे?

उत्तर : ताई, हे वेड नव्हे. तुमच्या लेकीने नेमकं ओळखलंय. तुम्ही ‘जाता’, आणि ती वाट तुम्हाला त्याच पहाटे सापडली.

जिवावर बेतलं की माणूस पळतो नाहीतर झुंजतो. माळवदाखाली दबलेल्या पोरीला यातलं काहीच शक्य नव्हतं. अशा वेळी शरीर थिजतं, वेदना बधिर होते आणि मन स्वतःला बाजूला काढतं. याला डिसोसिएशन म्हणतात. अपघातातून, अत्याचारातून वाचलेले कितीतरी जण हेच ‘वरून बघणं’ सांगतात. फ्रान्सचे मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १८८९ सालच्या ग्रंथात या तुटण्याचा अभ्यास मांडला होता. न पेलवलेलं इतर आठवणींत मिसळत नाही, वेगळंच पडून राहतं. म्हणून ढोलाचा हादरा बसला की शरीर सरळ त्या पहाटेत जातं. डोक्यावर आता माळवद नाही, हे त्याला अजून पटलेलं नाही.

दुसऱ्या बाईचं म्हणाल, तर त्या आजारात वेगवेगळी व्यक्तिमत्त्वं ताबा घेतात, मधल्या वेळेचा पत्ता नसतो. तुम्हाला हात परके वाटतात, पण ते तुमचेच आहेत हे ठाऊक असतं. तरी पत्रावरून निदान करायला मी धजणार नाही. फिट्सच्या एका प्रकारातही माणूस असा हरवतो, तेव्हा मेंदूविकारतज्ज्ञांना एकदा दाखवाच. सासूबाईंशी वाद नको. देवळात बरं वाटत असेल तर जरूर जा, अंगारे-धुपारे करणाऱ्याकडे मात्र नको.

आणखी एक. “एकदाचं सगळं बोलून मोकळी हो,” असं कुणीही म्हणालं तरी घाई करू नका. घाईने उकरलं की मन पुन्हा निसटतं. आधी इथे टिकून राहायला शिकायचं, भावाबद्दल बोलायचं ते नंतर, आघातावर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांसोबत, तुमच्या गतीने. डिसोसिएशनवर नेमकी अशी गोळी नाही. झोप किंवा नैराश्यासाठी औषध देतात. जवळ कुणी सापडलं नाही, तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

तोवर घरात एवढं करा. तुम्ही हरवलात तर लेकीने गदागदा हलवायचं नाही. शांतपणे हाक मारायची, आजची तारीख आणि पुण्याचं नाव सांगायचं, विचारून मगच हातात गार पाण्याचा पेला द्यायचा. तुम्ही पायाखालची फरशी दाबून बघा, खोलीतल्या वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. डोळे मिटून दीर्घ श्वास घेण्याचा सल्ला सरसकट देतात, पण तुमच्यासारख्यांना डोळे उघडेच बरे.

आणि यंदा विसर्जनाच्या दिवशी दूध लेकीला तापवू द्या.